हात विक्रीसाठी नाहीत

माझी धाकटी बहीण जुनी भांडी विकते. असं सरळ म्हटलेलं तिला खपत नाही. तिच्या मते ती "एका घराच्या आठवणी दुसऱ्या घरी पोचवते". पोचवतो कुरिअरवाला, धुते मी आणि आठवणी बहुतेक वेळा ती स्वतःच रचते. पण दुकान तिचं, त्यामुळे म्हणणंही तिचंच खरं. दुकान म्हणजे फोनमधलं. माल काही फोनमध्ये मावत नाही, तो माझ्या घरी असतो, मागच्या खोलीत. तिथे पूर्वी माझं शिलाई मशीन होतं. आता ते पलंगाखाली आहे.

घरात तिला सगळे चिमी म्हणतात. चाळिशी उलटली, केसांना रंग लागला, तरी चिमीच. मी ताई. मी बहुधा जन्मल्यापासूनच ताई असावे.

माल शोधण्याचं काम माझं. सकाळी मी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. दाढ ठणकत असली तरी माणसं बोलायची थांबत नाहीत, आणि कुणाचं घर विकलं गेलं, कुणाचे वडील वारले, कोण परगावी मुलाकडे चाललंय हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. मग दुपारी मी त्या घरी जाते. मुलं खोल्यांची मापं घेत असतात आणि सामान त्यांच्या पायात येत असतं. "हे न्या, तेही न्या, उपकार होतील" असं म्हणून लोक आईवडिलांचे डबे, तराजू, बरण्या, घड्याळं माझ्या पिशवीत कोंबतात. भंगारवालाही आता मला ओळखतो. काही बरं आलं की वितळवायच्या आधी फोन करतो.

धंद्याचा पहिला नियम चिमीनं मला लावून दिला, तो म्हणजे घासायचं नाही. धूळ पुसायची, चिकटा काढायचा, पण डाग, टवका आणि गंज यांना हात लावायचा नाही. सुरुवातीला मी एक तांब्याची किटली घासूनपुसून अशी लख्ख केली की तिच्यात तोंड दिसावं. चिमी डोक्याला हात लावून खाली बसली. "ताई, लोक डागाचेच तर पैसे देतात! तू सगळं वय घासून टाकलंस तिचं." मी म्हटलं, आम्हाला शाळेत उलटं शिकवलं होतं.

आणि जुनं कमी पडलं की ती नव्याला जुनं करायची. लाकडी ट्रेच्या कडा पॉलिशपेपरनं खरवडायच्या, पडद्यांची लेस चहाच्या पाण्यात बुडवायची. ॲल्युमिनियमचे कोरे डबे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ठेवले की त्यांची चमक मरते आणि ते काळपट, पोक्त दिसायला लागतात. ती लिहितानाही "जुने" असं लिहीत नाही, "जुन्या धाटणीचे" असं लिहिते. खोटं बोलणार नाही, पण खरंही सांगणार नाही. हे सगळं चालायचं तेव्हा आई मागच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसून बघत असायची. आईला बघायला फार आवडतं.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. तिनं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काढलं. रक्तानं भरलेल्या चादरी, सोडा, ब्लीच, उकळतं पाणी. त्यातनं आमच्या फिया भरल्या गेल्या. तिच्या हातांची पेरं सुजलेली, नखं जाड आणि पिवळट, आणि तळव्यापासून मनगटापर्यंत भेगाच भेगा. चिमी लहान असताना शाळेच्या फाटकाशी आईचा हात सोडायची. "टोचतो," म्हणायची. मग तिला फाटकातून आत न्यायचं काम माझ्याकडे यायचं. आई दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून परत जायची.

आईला फोटोत आणलं ते वाटाण्यांनी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचा उजेड छान येतो, म्हणून चिमी फोटो तिथंच काढायची. त्या दिवशी तिनं टेबलावर एनॅमलचा निळा जग मांडला होता, खाली चुरगळलेलं कापड, बाजूला वाळकी फुलं. आईला त्याच टेबलावर वाटाणे सोलायचे होते. "हलव की गं तुझा हा जग," असं म्हणत तिनं त्याच्या कानाला धरलं आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. चिमीनं तो तसाच दुकानाच्या पानावर टाकला. वाटाणे सोलून व्हायच्या आत जग विकला गेला. फोटोखाली लोकांच्या प्रतिक्रियांची रीघ लागली. कुणाला आजी आठवली, कुणी रडलं, कुणी विचारलं, "जगाबरोबर हातही मिळतील का?" चिमीनं हसरा चेहरा टाकून लिहिलं, "हात विक्रीसाठी नाहीत."

विक्रीसाठी नव्हते, पण त्या दिवसापासून हातांशिवाय एकही भांडं विकलं गेलं नाही. आईचे हात बरणीचं झाकण उघडतायत, आईचे हात घड्याळाला किल्ली देतायत, आईचे हात रिकाम्या तराजूत काहीच तोलत नाहीयेत. चिमीनं तिला बाह्या उसवलेला एक तपकिरी स्वेटर आणून दिला. चेहरा कधीच घेतला नाही. आईनं एकदा विचारलं, "तोंड येत नाही का गं यात?" चिमी म्हणाली, "तोंड आलं की लोक तोंडच बघतात, आई."

तरी आई खूश होती, आणि का ते उघड होतं. आधी चिमी कधीतरी उगवायची. फोन केला तरी "आई कशीए? बरीए ना? ठेवू?" एवढंच. आता ती दर शनिवारी यायची, सकाळीच, दुपारपर्यंत थांबायची. आईशी बोलायची, तिच्या बाहीच्या घड्या नीट करायची, तिची बोटं एकेक करून उचलून हवी तशी ठेवायची. ज्या हाताला टोचतो म्हणायची तोच हात. शनिवारी आई माझ्या आधी उठायची. मी चहा टाकते तोवर केसबीस विंचरून खिडकीत बसलेली असायची. मी सगळा आठवडा तिच्याजवळ असते, माझ्यासाठी ती अशी कधी बसली नाही. बसावं असंही नाही. पण माणसाच्या मनात येतं.

त्या वर्षी थंडी कडक पडली आणि आईचे हात उलायला लागले. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसले तशी मी तिला आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मलम दिलं, रोज दोनदा लावायला, आणि बजावलं, पाण्यात हात घालायचे नाहीत, सोडा-साबणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मला एवढंच हवं होतं की हे हात एकदाचे बरे व्हावेत. सगळ्या जन्मात ते कधी बरे नव्हतेच. आणि खरं सांगायचं तर, ते माझ्यामुळे बरे झाले असं आईनं एकदा तरी म्हणावं, हेही मला हवं होतं.

शनिवारी चिमीनं मलमाची ट्यूब पाहिली.

"ताई, फोटो होऊ दे ना आधी. यानं हात चकाकतात. प्लॅस्टिकचे वाटतात."

"रक्त येतंय तिच्या हातातून."

"मी कुठं नको म्हणते? फोटो झाले की लाव. खुशाल लाव."

"रोज लावायचं असतं ते. भाड्यानं आणलेलं नाही, वाटेल तेव्हा परत करायला."

"तुला ना, माझं जरा बरं चाललेलं बघवतच नाही."

मी उलट काहीतरी म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "भांडू नका गं. राहू दे आजचं मलम. इतकी वर्षं नव्हतं लावलं तेव्हा काय हात गळून पडले?" ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. शनिवार सोडून मी रोज मलम लावत राहिले, आणि शनिवारीही चिमीची पाठ वळली की लावायचे.

गुण आला. भेगा मिटायला लागल्या, खपल्या पडल्या. पुढे एका शनिवारी चिमीनं फोनवर फोटो मोठा करून पाहिला आणि सहज म्हणाली, "आईचे हात हल्ली जरा गुळगुळीत दिसतात, नाही?" सहजच म्हणाली, रागानं नव्हे. कोऱ्या डब्यांचं एक खोकं ठेवून गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी जमेलसं वाटत नाही. तसाही फोटो काढण्यासारखा माल कुठंय!" पुढच्या शनिवारी ती आली नाही. आई तपकिरी स्वेटर घालून खिडकीत बसून राहिली. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाली, "थांब, येईल ती." मी पान वाढून झाकून ठेवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात हात पुन्हा बिघडले, आणि पहिल्यापेक्षा वाईट. कातडी लाल झाली, सोलायला लागली. मी डॉक्टरीणबाईंवर चिडले, बाईंनी मलम बदललं, मला विचारलं, "या कशात हात घालतात का?" मी छातीठोकपणे सांगितलं, "मी त्यांना ग्लाससुद्धा विसळू देत नाही." नवं मलम पहिल्याहून महाग होतं आणि तेही लागू पडलं नाही.

मग एके दिवशी दवाखान्यात वीज गेली आणि मी लवकर घरी आले. मागच्या खोलीत आई स्टुलावर बसली होती. पुढ्यात घमेलं, घमेल्यात वाफाळतं पाणी, सोड्याचा तो ओळखीचा वास. पाण्यात चिमीचे कोरे डबे होते आणि डब्यांबरोबर आईचे हात होते. मनगटापर्यंत.

मी तिचे हात ओढून बाहेर काढले. ती दचकली, पण ओरडली नाही.

"हे काय चालवलंयस तू?"

"डबे बुडवते. चिमीनं ठेवलेत ना, काळे करायला."

"आणि हात?"

पाणी तिच्या कोपरावरून स्टुलावर गळत होतं. मग म्हणाली, "हातही."

"आई, तुला वेडबीड लागलंय का?"

"ओरडू नकोस. ती काय माझं तोंड बघायला येते? मला काय कळत नाही होय? ती हातांना येते. मग हात नको का तिला हवे तसे ठेवायला?"

"आणि मी? मी रोज या हातांना मलम चोळते, मी रोज इथं असते, त्याचं काय?"

"तू असतेसच की गं," आई म्हणाली.

तिनं ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. भिंत असते, दार असतं, तशी मी असते. यावर भांडायचं तरी कसं? मी घमेलं मोरीत ओतलं, तिचे हात गार पाण्यानं धुतले आणि ते पुसताना मला रडू आलं, रागानं. आईला वाटलं मला तिचे हात बघून रडू आलं. "एवढं काही दुखत नाहीये," ती म्हणाली.

दुखायला लागलं ते दुसऱ्या दिवशी. उजव्या हाताचं बोट टम्म सुजलं, त्यात पू झाला, अंगात ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी बोट चिरलं आणि दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. मी दवाखान्यातून रजा घेतली. आईला भरवायचं, तिची वेणी घालायची, तिला न्हाऊ घालायचं. हात नसले की माणसाला किती गोष्टींना दुसरं माणूस लागतं ते मला तेव्हा समजलं. या सगळ्यात तिनं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "चिमीला कळवलंस ना?"

कळवलं. शनिवारी चिमी आली, आणि मी तिला सगळं सांगितलं. सोडा, घमेलं, डबे, "ती हातांना येते" हे वाक्यसुद्धा. एकही शब्द मऊ केला नाही. तिला लागावं म्हणूनच सांगितलं. आणि तिला लागलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडावर हात धरून ती खाली बसली, मग आईच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडली. आई पट्टीच्या हातानं तिची पाठ थोपटत होती. "उगी, उगी. डावा लवकर बरा होईल. डाव्यानं काढू." हे ऐकून चिमी आणखी रडली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना डोळे उघडले. माझा रागही थोडा निवला आणि मी चहा करायला उठले.

चहा झाल्यावर आईनं दोन्ही पट्ट्यांमध्ये कप धरला होता, खिडकीच्या उजेडात. चिमी नाक पुसत म्हणाली, "एकच काढते गं आई, माझ्यापाशी ठेवायला." मी उजेडात उभी होते. तिच्या फोटोत माझी सावली पडू नये म्हणून मी आपणहून बाजूला झाले.

फोटो तिच्यापाशी एक दिवससुद्धा राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी तो पानावर होता, खाली हा एवढा मजकूर. या हातांनी जन्मभर परक्यांच्या चादरी धुतल्या. या हातांनी मला शाळेत पोचवलं. आज ते पट्टीत आहेत, आणि आता त्यांना जपायची पाळी माझी आहे. सोड्याबद्दल अक्षर नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं, फोटोतला कप उपलब्ध आहे.

मी फोन लावला. "तू जपतेस? तू?"

"ताई, लिहायची एक पद्धत असते."

"आणि सोड्याचं काय? ते लिहायची पद्धत नसते?"

"ते लिहिलं असतं तर आईचीच शोभा झाली असती ना," ती म्हणाली. आणि यातही तिचंच बरोबर होतं. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, हिनं तर आईची जखम विकली आणि वर मलाच गप्प केलं.

मी आईला काही दाखवणार नव्हते. पण शेजारीणबाई फोन नाचवतच आल्या. "अहो, तुमच्या हातांवर लाखभर लोकांनी डोळे पुसले!" त्या गेल्यावर आईनं मला वाचायला बसवलं. तिला चष्मा हातानं लावता येत नव्हता. दुपारची वेळ, मी एका हातानं तिला भरवत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवरचं वाचून दाखवत होते. लोकांनी हातांचं कौतुक केलं होतं, थोडं आईचं, आणि पुष्कळसं चिमीचं.

"अशी लेक सगळ्यांच्या नशिबी असो," मी वाचलं.

आईनं घास गिळला. "खरं आहे," ती म्हणाली.

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. तो ताटलीत आपटावा, फोन खिडकीतून भिरकावून द्यावा, ओरडून विचारावं की कुठली लेक, आई, नीट बघ तरी, असं सगळं एकदम मनात आलं. आई तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. मी घास दिला. "आणखी वाच ना," ती म्हणाली, आणि मी वाचत गेले.

हात बरे झाले, आणि असे बरे झाले की डॉक्टरीणबाईंनी आपल्या मदतनीस मुलीला बोलावून दाखवले. खालून नवी कातडी आली होती, फिकट गुलाबी, मऊ. आईचे असे हात मी जन्मात कधी पाहिले नव्हते. घरी येताना रिक्षात मी ते माझ्या हातात धरून बसले. जिंकल्यासारखं वाटत होतं. आई मात्र ते उलटेपालटे करून बघत होती, कुणी बदलून दिल्यासारखे.

शुक्रवारी चिमीचा फोन आला. लोक आईची विचारपूस करतायत, शनिवारी येते, पट्टीतले आणखी चार फोटो काढून ठेवू. मी "बघू" म्हणून ठेवून दिला. शनिवारी सकाळी उठले तर आई केस विंचरून खिडकीत बसली होती, मांडीवर पट्ट्यांचं उरलेलं भेंडोळं घेऊन.

"बांध," ती म्हणाली.

"आई, हात बरे झालेत तुझे. कालच बाईंनी सांगितलं, मोकळे ठेवा."

"तेवढी चिमी येऊन जाईपर्यंत."

"नाही बांधणार मी. तिला बघू दे बरे झालेले हात."

आईनं फक्त मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सोड्याची पिशवी मी केव्हाच फेकून दिली होती. पण सोडा कुठल्याही दुकानात मिळतो, आणि मी रोज सकाळी घराबाहेर असते. काय होईल ते मला लख्ख दिसत होतं. चिमी येईल, हे हात हातात घेईल, "वा, मस्तच की" म्हणेल, आणि पुढच्या शनिवारी तिला जमणार नाही. मग आई दुपारपर्यंत खिडकीत बसेल. आणि मग एक दिवस पुन्हा वीज जाईल आणि मी लवकर घरी येईन.

मी खुर्ची ओढली आणि तिचा उजवा हात मांडीवर घेतला. आधी मलम लावलं, मग कापूस ठेवला, मग पट्टी. कातडी इतकी मऊ होती की पट्टी सारखी घसरत होती.

"जरा घट्ट बांध," आई म्हणाली. "चिमीला कळता कामा नये."

"बरं," मी म्हटलं, आणि तिला दुसरा हात पुढे करायला सांगितलं.